कळ आल्याशिवाय जोर नको

आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीहून घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. पण भीमाशंकरकडे, डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांपर्यंत रस्ते जाईतो बाळंतपण म्हणजे सुईणच. बाईची जागा फाटली तर टाके घालायची सोय घरात नव्हती, म्हणून ती फाटू न देण्यालाच मोल होतं.

योनी आणि गुदद्वार यांच्यामधला हा भाग बाळाचं डोकं बाहेर येताना कमालीचा ताणला जातो. चीर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली, तर बाईला पुढे शौचावर ताबा ठेवणं अवघड होऊ शकतं.

याचं भान जुनं आहे. सुश्रुतसंहितेत प्रसूतीच्या वेळी चार जाणत्या, कुशल, नखं कापलेल्या स्त्रिया सांगितल्या आहेत. बाईला तेल लावून गरम पाण्यानं न्हाऊ घालायलाही सांगितलं आहे. चरक बजावतो, की कळ नसताना जोर करू नये. आधी हळू, मग वाढता. कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.साठी प्रबंध लिहिला, तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच.

पाश्चात्त्य वैद्यकात मात्र कात्रीचं वजन वाढत गेलं. डब्लिनच्या फील्डिंग ऊल्डनं १७४२ मध्ये अडलेल्या बाळंतपणासाठी या जागेला छेद सुचवला होता. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डीलीनं तो पहिलटकरणींना सरसकट द्यावा असं मांडलं. पुढे आपल्याकडच्या दवाखान्यांतही पहिलटकरीण म्हटली की टाके, हे ठरूनच गेलं.

सुईणींच्या हातांनाही मर्यादा होत्या. रक्तस्राव थांबेना किंवा बाळ आडवं आलं, तर त्या हतबल होत. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्याकडे वळली, ते गरजेचंच होतं.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरसकट छेद देऊ नये असं स्पष्ट सांगितलं आणि गरम कपड्याचा शेक, मालिश, हाताचा आधार यांची शिफारस केली. डोकं दिसू लागलं की नर्स एक हात त्यावर ठेवून त्याचा वेग आवरते, दुसऱ्या हातानं खालची जागा सांभाळते आणि बाईला जोर थांबवून लहान लहान श्वास घ्यायला सांगते. त्याच वर्षी भारत सरकारनं प्रशिक्षित मिडवाइफ घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आंबेगाव-जुन्नरच्या प्रत्येक प्रसूतिगृहात असे शिकलेले हात हवेत आणि एका बाईपाशी थांबायला त्यांना पुरेसा वेळही मिळायला हवा.