पॅरिसचे तीन मंडप

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. ही दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर घेण्याचा प्रसंग संसारी माणसावर सहसा येत नाही. परंतु जागतिक प्रदर्शनात भाग घेणाऱ्या राष्ट्रांवर तो हटकून येतो. परक्या शहरात, परक्या जमिनीवर, ठरलेल्या मुहूर्तापूर्वी एक इमारत उभी करावयाची, ती नटवावयाची, लाखो पाहुण्यांचे स्वागत करावयाचे आणि सहा महिन्यांनी सामान बांधून घरी परतावयाचे! अशा इमारतीस मंडप हेच नाव शोभते. घरात माणूस जसा असतो तसा राहतो. मांडवात मात्र, लोकांना आपण कसे दिसावे असे त्याला वाटते, तसा तो उभा राहतो. मांडवाच्या थाटावरून यजमानाची ऐपत ठरवू नये हे आपण व्यवहारात शिकलो आहोत. पण त्याला हौस कशाची आहे आणि काय झाकावयाचे आहे, हे मांडवावरून पुष्कळच कळते. इतिहासाच्या अभ्यासकानेही राष्ट्रांच्या मंडपांची साक्ष अशीच काढावी, असे आम्हांस वाटते. त्या दृष्टीने १९३७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनातील तीन मंडपांचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा राष्ट्रांना स्वतंत्र मंडप नव्हते. जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच यांचा जो विशाल 'स्फटिक महाल' उभारला होता, त्याच एका छपराखाली सर्व देशांची दालने होती. त्यात हिंदुस्थानचेही दालन होते. पण ते मांडले होते ईस्ट इंडिया कंपनीने. दोनच वर्षांपूर्वी लाहोरच्या दरबाराकडून घेतलेला कोहिनूर हिराही त्या प्रदर्शनात होता. वस्तू आपल्या आणि मांडणी दुसऱ्याची, असा तो प्रकार होता. पुढे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मुख्य इमारतीभोवतीच्या बागेत निरनिराळ्या देशांच्या वेगळ्या वास्तू दिसू लागल्या, आणि १९०० साली तर सीन नदीच्या काठी 'राष्ट्रांचा रस्ता' म्हणून मंडपांची एक रांगच उभी राहिली. यंत्रे आणि माल दाखविण्यासाठी निघालेली प्रदर्शने अशा रीतीने राष्ट्रांनी स्वतःलाच दाखविण्याची जागा बनली.

या कलेतील एक अत्यंत संयमी नमुना १९२९ साली स्पेनमधील बार्सिलोना शहरात उभा राहिला. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीच्या प्रजासत्ताकाने आपला मंडप मीस व्हान डेर रोहे या वास्तुविशारदाकडे सोपविला होता. त्यात विक्रीचा माल नव्हता, तोफा नव्हत्या, पराक्रमाची चित्रे नव्हती. सपाट छप्पर, बारीक पोलादी खांब, संगमरवराच्या आणि काचेच्या मोकळ्या भिंती, पाण्याचे दोन हौद आणि एक पुतळा, एवढेच काय ते वैभव! आम्ही बदललो आहोत, आमच्या घरात मोकळेपणाने या, असे जणू तो मंडप सांगत होता. प्रदर्शनानंतर तो मोडण्यात आला. १९८६ साली त्याच जागी पुन्हा बांधलेली त्याची हुबेहूब प्रतिकृती आज पाहावयास मिळते.

आठच वर्षांनी त्याच जर्मनीने दुसरा मंडप बांधला, तो पॅरिस येथे. मधल्या काळात हिटलर सत्तेवर आला होता; मीस ज्या बाउहाउस शाळेचा शेवटचा प्रमुख होता ती १९३३ साली बंद पडली होती, आणि तो स्वतः लवकरच अमेरिकेस जाऊन स्थायिक होणार होता. मंडप पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

पॅरिसचे हे प्रदर्शन 'आधुनिक जीवनातील कला आणि तंत्र' या नावाने भरले. २५ मे ते २५ नोव्हेंबर १९३७ असे सहा महिने ते चालले आणि सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिले. फ्रान्समध्ये लेओं ब्लुम यांचे आघाडी सरकार होते. संपांमुळे बांधकाम रखडले होते, आणि यजमानांचीच कामे अपुरी असताना पाहुण्यांपैकी जर्मनी आणि सोव्हिएट रशिया यांचे मंडप मात्र वेळेवर सज्ज होते. जागेची रचनाही ऐका. एका बाजूस १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला आयफेल मनोरा, मध्ये सीन नदीवरचा पूल, पलीकडे चढावर त्रोकादेरोची बाग आणि माथ्यावर नव्याने बांधलेला शायो प्रासाद. तेथेच वरच्या चौकात एक शांतिस्तंभही उभारला होता. आणि या स्तंभाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना, एकमेकांकडे तोंड करून, जर्मनी आणि रशिया उभे होते!

जर्मन मंडप हिटलरचा आवडता वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याने रचला होता. सुमारे ५४ मीटर उंचीचा चौकोनी मनोरा, त्याला भक्कम चौकोनी खांब, आणि माथ्यावर स्वस्तिकावर बसलेला गरुड. स्वस्तिक म्हणजे आपल्या दारावरचे मंगलचिन्ह; तेथे ते धाकाचे चिन्ह होऊन बसले होते. मागे वस्तू मांडण्यासाठी एक लांबलचक दालन. हे सर्व पाहून कोणासही वाटावे की, हा मनोरा पहाड फोडून काढलेला आहे. वस्तुतः आत सांगाडा होता पोलादाचा, आणि वरून जर्मनीहून आणलेल्या दगडाचे अस्तर चढविलेले होते. सहा महिन्यांच्या मांडवाला हजार वर्षे टिकणाऱ्या देवळाचे सोंग दिले होते.

समोर रशियाचा मंडप होता. त्याची रचना बोरिस इओफान याची. लांब इमारत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाऊन पुढच्या टोकाला उंच होत असे, आणि त्या टोकावर व्हेरा मुखिना या शिल्पकार बाईंनी घडविलेले स्त्री-पुरुषांचे जोडशिल्प होते. पुरुषाच्या हाती कामगाराचा हातोडा, स्त्रीच्या हाती शेतकरणीचा विळा, दोघांचे हात उंचावलेले आणि दोघेही पुढे झेपावणारी. सुमारे २४ मीटर उंचीचे हे शिल्प न गंजणाऱ्या पोलादी पत्र्यांचे होते आणि त्याचे सुटे भाग मॉस्कोहून आगगाडीने आणून पॅरिसमध्ये जोडले होते. कारागिरीच्या दृष्टीने ते खरोखरच अपूर्व काम होते.

श्पेअरने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत म्हटले आहे की, रशियन मंडपाचा गुप्त आराखडा योगायोगाने आपल्या दृष्टीस पडला. ती पोलादी माणसे जणू जर्मन मंडपावर चाल करून येत आहेत असे वाटले. म्हणून ती चाल रोखणारा भारदस्त मनोरा आपण योजला. स्वतःविषयी तीस वर्षांनी सांगितलेली हकीकत जपूनच स्वीकारावी लागते. तरी एवढे खरे की, या दोन मंडपांकडे पाहणाऱ्याला मल्लांच्या जोडीची आठवण झाल्याशिवाय राहत नसे. परीक्षकांनी दोघांनाही सुवर्णपदके दिली.

आता हे मंडप काय झाकत होते ते पाहू. रशियाच्या मंडपात देशाचा एक भव्य नकाशा मौल्यवान खडे जडवून केलेला होता. त्या देशात त्याच वर्षी जानेवारीत खानेसुमारी झाली होती. दुष्काळाने आणि दडपशाहीने ओढवलेली मनुष्यहानी तिच्या आकड्यांतून उघडी पडू लागली, तेव्हा स्टालिनच्या सरकारने सप्टेंबरमध्ये ती खानेसुमारीच रद्द ठरविली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकले. म्हणजे पॅरिसमध्ये लोक रत्नांचा नकाशा पाहत होते, त्याच दिवसांत त्या नकाशावरची माणसे मोजणे हा गुन्हा ठरत होता. जर्मनीची गोष्ट तर त्याच प्रदर्शनात, हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या एका मंडपाच्या भिंतीवर चितारलेली होती.

तो मंडप स्पेनच्या प्रजासत्ताकाचा. जुलै १९३६ पासून तो देश यादवी युद्धात होरपळत होता. जनरल फ्रँकोच्या बंडखोर सैन्याला हिटलर आणि मुसोलिनी यांचे उघड साहाय्य होते. अशा स्थितीत मंडप बांधण्याची हौस कोणाला असणार? पण जगापुढे आपली कैफियत मांडण्याची दुसरी जागाही त्या सरकारला उरली नव्हती. जुसेप लुईस सर्त आणि लुईस लाकासा या वास्तुविशारदांनी पोलादाचे सुटे भाग बोल्टांनी जोडून एक साधी, हलकी इमारत उभी केली. तळमजला मोकळा, शेजारी आपल्याकडील वाड्याच्या चौकासारखा चौक, आणि चौकावर कापडाचे छत. प्रदर्शन सुरू होऊन सात आठवडे लोटल्यावर, १२ जुलै रोजी, तो मंडप उघडला.

आत काय होते? अल्मादेनच्या खाणींतील पाऱ्याचे, अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने केलेले कारंजे होते. त्या खाणी फ्रँकोला हव्या होत्या, म्हणून पारा हाच तेथे बोलका पुरावा होता. छायाचित्रांचे मोठमोठे फलक होते. आदल्या वर्षी गोळी घालून मारलेल्या लोर्का या कवीची तसबीर होती. आणि तळमजल्याच्या भिंतीवर, पाऱ्याच्या कारंज्यासमोर, पाब्लो पिकासोचे ते विख्यात चित्र होते.

पिकासोला या मंडपासाठी चित्र काढावयास जानेवारीतच सांगितले होते. पण महिने गेले तरी त्याला विषय सापडत नव्हता. २६ एप्रिल १९३७ रोजी, सोमवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, जर्मनीच्या काँडॉर पथकाने इटालियन विमानांसह बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर बाँबवर्षाव केला. वृत्तपत्रांतून ती हकीकत पॅरिसला पोहोचली आणि पिकासोने मे महिन्याच्या आरंभी कामास हात घातला. जूनच्या आरंभी साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असे ते काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांतील चित्र पुरे झाले. त्यात विमान नाही, झेंडा नाही, शत्रूचे नावही नाही. मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई आहे, कोसळलेला सैनिक आहे, किंचाळणारा घोडा आहे. अनेक प्रेक्षकांना त्या वेळी ते कळले नाही, आवडलेही नाही. जवळच तो गरुडाचा मनोरा उभा होता. या राष्ट्राने काय दाखविले आणि त्या राष्ट्राने काय झाकले, हे ताडून पाहावयाला प्रेक्षकाला शंभर पावलेही चालावे लागत नव्हते. तरी कोट्यवधी माणसे दोन्ही पाहून घरी गेली. ब्रिटनच्या मंडपात तर पंतप्रधान चेंबरलेन मासे पकडीत असल्याचे मोठे छायाचित्र लावलेले होते!

सभ्य स्त्रीपुरुषहो, पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १ एप्रिल १९३९ रोजी फ्रँकोने विजय जाहीर केला आणि ते प्रजासत्ताक संपले. जून १९४० मध्ये जर्मन सेना पॅरिसमध्ये शिरली, आणि खुद्द हिटलर श्पेअरला बरोबर घेऊन त्रोकादेरोच्या त्याच सज्जावर येऊन उभा राहिला. पुढे न्युरेंबर्गच्या न्यायालयाने श्पेअरला वीस वर्षांची सजा दिली. मुखिनाबाईंचे शिल्प मॉस्कोस परत गेले आणि आजही तेथे आहे. पिकासोचे चित्र मात्र परागंदा झाले. स्पेनमध्ये लोकशाही आल्यावाचून ते परत जाऊ नये अशी चित्रकाराची इच्छा होती. न्यूयॉर्कमध्ये चार दशके काढून १९८१ साली ते स्पेनला पोहोचले, आणि १९९२ पासून माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. ज्या मंडपासाठी पैसाही पुरेसा नव्हता, त्याच्यातील वस्तूपुढे आज जग रांग लावून उभे राहते.

यावरून कलाच शेवटी जिंकते, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. पण तो आम्हांस मान्य नाही. ते चित्र गेर्निकाच्या एकाही माणसाला वाचवू शकले नाही आणि प्रजासत्ताकालाही नाही. आम्हांस दिसते ते एवढेच की, वैभवाचे मंडप पाहून डोळे दिपले असताना, झाकलेले काय आहे हे विचारण्याची सवय लोकांना त्या वेळी नव्हती. आणि तिची किंमत त्याच पॅरिसच्या रस्त्यांनी तीन वर्षांच्या आत मोजली.

त्या प्रदर्शनातील शायो प्रासाद मात्र टिकून राहिला. १० डिसेंबर १९४८ रोजी तेथेच संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने ४८ मते पडली, आणि तटस्थ राहिलेल्या आठ राष्ट्रांत सोव्हिएट रशिया होता. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून 'सर्व मानव' असा करावा, हा आग्रह स्वतंत्र भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला होता. १८५१ साली लंडनच्या काचमहालात आपल्या वस्तू दुसऱ्यांनी मांडल्या होत्या. १९४८ साली पॅरिसमध्ये आपण मांडला तो एक शब्द. त्याला ना मनोरा लागला, ना गरुड. पण तो शब्द आपल्या घरात आपण कितपत पाळतो, हा प्रश्न मात्र मांडव उतरल्यावरही राहतोच. आणि त्याचे उत्तर कोणत्याही प्रदर्शनात मिळणार नाही.