मोझेलचे द्राक्षमळे: थंडी, सारा आणि एक तरुण संपादक

जानेवारी १८४३. ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहरातून निघणाऱ्या 'ऱ्हायनिश त्सायटुंग' या वृत्तपत्रात एक लेखमाला सुरू झाली. विषय होता मोझेल नदीच्या खोऱ्यातील द्राक्षबागायतदारांची हलाखी. लेखांवर लेखकाचे नाव नव्हते. ते लिहिणारा संपादक चोवीस वर्षांचा होता आणि त्याच खोऱ्यातील ट्रीअर गावी जन्मला होता. त्याचे नाव कार्ल मार्क्स.

आपल्याकडे मार्क्स म्हटले की गिरणीचा भोंगा आठवतो. द्राक्षमळा कोणालाच आठवत नाही. परंतु १८५९ साली आपल्या अर्थशास्त्रीय ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहून ठेवले आहे की, भौतिक हितसंबंधांच्या प्रश्नांकडे तो प्रथम वळला तो जंगलातील लाकूडचोरीच्या कायद्यामुळे आणि मोझेलच्या शेतकऱ्यांवरून झालेल्या वादामुळे. तो वाद नेमका काय होता, हे समजण्यासाठी मित्रहो, आधी त्या नदीकाठी जावे लागेल. धागा थोडा लांब आहे.

मोझेल फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत शिरते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाईनला मिळते. ट्रीअरच्या पुढे तिचे पात्र सापासारखी वळणे घेत जाते. हा प्रदेश पन्नासाव्या उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. आपले नाशिक विसाव्या. नाशिकचा बागायतदार घडांना कडक उन्हाचा चटका बसू नये म्हणून जपतो, तर मोझेलचा बागायतदार उन्हाचा कण न् कण गोळा करतो. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकते, हेच मुळात नवल आहे.

या नवलाची कारणे तीन. पहिले म्हणजे उतार. नदीच्या वळणांमुळे काही डोंगरकडे नेमके दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत, आणि तिरप्या उन्हाला असा कडा जवळजवळ काटकोनात सामोरा जातो. ब्रेम गावाजवळील काल्मोंट हा मळा तर काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांनी चढतो. दुसरे कारण नदी: ती उजेड परतवते आणि हिवाची धार बोथट करते. तिसरे कारण दगड. शाळेच्या पाटीचा जो दगड, त्याच जातीच्या काळसर-निळ्या चिपांनी हे उतार भरलेले आहेत. दिवसभर तापलेला हा दगड रात्री वेलीला ऊब देतो. पावसाने चिपा घसरून खाली आल्या की त्या पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकायच्या, हे काम येथील पिढ्यान्‌पिढ्यांनी केले. बैल किंवा नांगर अशा उतारावर काय उभा राहणार! जुन्या पद्धतीत प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधलेली असते आणि छाटणीपासून काढणीपर्यंत सारे हातानेच.

वेलीची लागवड येथे रोमनांच्या काळात रुजली. ट्रीअर ही तेव्हा साम्राज्याची एक राजधानी होती. इ.स. ३७१च्या सुमारास औसोनियस या कवीने या नदीवर एक दीर्घकाव्य रचले. तो स्वतः बोर्दोचा, म्हणजे द्राक्षांच्याच मुलखातला. नॉयमागेन येथे सापडलेले वाइनच्या पिंपांनी लादलेल्या जहाजाचे दगडी शिल्प तिसऱ्या शतकातील आहे. त्या शिल्पातील एका खलाशाचा चेहरा इतका खुशीत आहे की मालाची चव आधीच बघून झाली असावी, असे वाटते.

मध्ययुगात मठ आणि धर्मपीठे हीच मोठी जमीनदार. त्या शतकांवरून आपण पुढे जाऊ. मात्र एक तारीख लक्षात ठेवायची: १७८७. त्या वर्षी ट्रीअरचा शेवटचा धर्मसत्ताधीश क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने हुकूम काढला की हलक्या प्रतीच्या वेली उपटून चांगल्या जातीच्या लावाव्यात. त्यातून पुढे 'रीसलिंग' या जातीचा पसारा वाढला.

रीसलिंग ही उशिरा पिकणारी जात आहे. ऑक्टोबर उजाडला तरी घड वेलीवरच असतात. उन्हाळा लांबला तर फळात मंद गतीने साखर भरते, आंबटपणाही टिकतो आणि सुगंध अपूर्व येतो. पूर्वी तळघरात हिवाळ्याची थंडी शिरली की पिंपातील रसाचे आंबणे अर्ध्यातच थांबत असे, म्हणून काही साखर तशीच शिल्लक राही. मोझेलच्या पारंपरिक गोड वाइनमध्ये मद्यार्क अवघा आठ-नऊ टक्के असतो. गोडी आणि आंबटपणा यांची ती ओढाताण हेच तिचे वैशिष्ट्य. पण उन्हाळा आलाच नाही तर? मग हाती उरतो केवळ आंबट रस. येथील शेतकऱ्याचे नशीब या 'जर-तर'वर टांगलेले होते.

१७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजा आल्या. पुढे चर्चच्या जमिनींचे लिलाव झाले, मळे खाजगी हातांत गेले. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि हा मुलूख प्रशियाला मिळाला. त्याच वर्षी दूर सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या धुळीने १८१६ चा उन्हाळा युरोपात उगवलाच नाही. नव्या राज्याची ही सलामी फार शुभ नव्हती.

तरीही पुढची काही वर्षे भरभराटीची गेली. प्रशियाने १८१८ साली जकातीचा नवा कायदा केला. बाहेरच्या वाइनवर कर बसला आणि बर्लिनपर्यंतची बाजारपेठ मोझेलला जवळजवळ आंदण मिळाली. शेतकऱ्यांनी कर्जे काढून नवे मळे लावले. सरकारने त्या तेजीच्या दिवसांकडे पाहून सारा ठरवला.

आणि मग सरकारनेच भिंत पाडली. १८२८ मध्ये हेसेन-डार्मश्टाटशी जकात करार झाला, १८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ स्थापन झाला. जर्मनीच्या एकीकरणाकडे जाणारे पहिले पाऊल म्हणून शाळेच्या पुस्तकांत या संघाचे गुणगान असते, ते रास्तही आहे. परंतु मोझेलच्या शेतकऱ्याला त्यातून दिसले ते एवढेच: अधिक उबदार दक्षिणेकडील स्वस्त वाइन विनाजकात बाजारात आली आणि आपला भाव कोसळला. त्यात थंड उन्हाळ्यांची भर. सारा मात्र चुकत नव्हता. ज्यांना शक्य होते, त्यांनी अमेरिकेची किंवा ब्राझीलची वाट धरली.

१८४२ च्या अखेरीस या दुर्दशेविषयी वार्तापत्रे छापून आली, तेव्हा ऱ्हाईन प्रांताचा सर्वोच्च अधिकारी फॉन शापर संतापला. आरोपांचे पुरावे द्या, असे त्याने वृत्तपत्राला बजावले. मूळ बातमीदार मागे सरला आणि उत्तर देण्याची जबाबदारी मार्क्सने स्वतःवर घेतली. विषय त्याच्या अंगणातला होता. त्याच्या वडिलांचा ट्रीअरजवळच्या मेर्टेसडोर्फ येथे लहानसा मळा होता.

त्याच्या उत्तराचा गाभा माझ्या मते आजही वाचण्याजोगा आहे. अमुक अधिकारी दुष्ट आहे, असे तो म्हणत नाही. त्याचा मुद्दा निराळा आहे. शेतकरी तक्रार करतो, तेव्हा तिची चौकशी कोणाकडे जाते? ज्यांनी तो सारा बसवला, त्याच खात्याकडे. आपली कारभारपद्धती निर्दोष आहे, असे मानूनच खाते चौकशीला बसते. मग दोष उरतो तो निसर्गाचा किंवा शेतकऱ्याच्या उधळपट्टीचा. शासक आणि शासित यांच्या मध्ये तिसरे काही हवे, आणि ते म्हणजे मोकळे वृत्तपत्र. कम्युनिझमचा येथे मागमूसही नाही. हा एका उदारमतवादी संपादकाचा युक्तिवाद आहे, फक्त त्याच्या पायाशी द्राक्षाचा भाव आणि साऱ्याची पावती आहे.

पाच भागांत उत्तर देण्याचे त्याने जाहीर केले होते. दोनच छापले गेले. त्याच महिन्यात सरकारने वृत्तपत्र बंद करण्याचा निर्णय घेतला. मार्चमध्ये मार्क्सने राजीनामा दिला आणि शरद ऋतूत तो पॅरिसला गेला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

मोझेलच्या दुखण्यावर दुसरा उपाय सुचवणारा माणूसही ट्रीअरचाच रहिवासी होता, हा योगायोग मला मोठा गंमतीचा वाटतो. लुडविग गाल हा सरकारी नोकर, गरिबांच्या प्रश्नाने झपाटलेला, समाजसुधारणेची स्वप्ने पाहणारा. १८५० च्या दशकात त्याने सांगितले: थंड वर्षीच्या आंबट रसात आंबवण्यापूर्वी साखर आणि पाणी मिसळा. पाण्याने आंबटपणा पातळ होतो, साखरेने मद्यार्क वाढतो, माल विकला जातो. गरीब शेतकरी तगला. मोठ्या मळेवाल्यांनी मात्र याला भेसळ म्हटले. शुद्ध वाइन म्हणजे काय, हे भांडण पुढे अर्धशतक चालले. १९०८ साली 'नैसर्गिक' वाइन विकणाऱ्या मळेवाल्यांनी ट्रीअर येथे आपला स्वतंत्र संघच काढला.

दरम्यान दिवस पालटले होते. १८७९ मध्ये कोब्लेन्झ ते ट्रीअर रेल्वे आली, आणि शतक संपता संपता मोझेलची रीसलिंग बोर्दोच्या नामांकित वाइनच्या पंगतीला बसू लागली. पण पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा तेच चक्र: परदेशी स्वस्त माल, कर्ज आणि वाइनवरचा कर. २५ फेब्रुवारी १९२६ रोजी बेर्नकास्टेल येथे जमलेल्या बागायतदारांनी करकचेरीवर हल्ला केला आणि दप्तरे बाहेर फेकून जाळली. त्याच वर्षी तो कर रद्द झाला. मार्क्सच्या लेखमालेला जे साधले नाही ते असे साधले. त्यानंतर काही वर्षांतच नाझी सत्तेने ज्यू व्यापाऱ्यांना हुसकावले. मोझेलच्या वाइनला दूरदूरचे गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा होता.

आज अतिउताराचे अनेक मळे ओस पडून झुडपांनी भरले आहेत, कारण तेवढी मजुरी परवडत नाही. आंबट रसाची जुनी भीती मात्र उरलेली नाही; उन्हाळे तापू लागले आहेत आणि द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर पिकतात. प्रश्न आता उलट्या बाजूने आला आहे. 'आईसवाइन' नावाचा एक दुर्मिळ प्रकार वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांपासून करतात; त्यासाठी शून्याखाली किमान सात अंशांची थंडी लागते. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या तेराही वाइन प्रदेशांत कोठेच पुरेशी थंडी पडली नाही आणि आईसवाइनचे पीक देशभर हुकले.