पाच टनांचा हिशेब

बार्शी रोड स्टेशनावर उतरलेला माणूस बार्शीत पोचत नसे. तिथून बार्शी एकवीस मैल! मुंबईहून निघालेली जी. आय. पी. ची मोठी लाइन बार्शीला लांबूनच नमस्कार करून पुढे गेली होती. गावाचं नाव घ्यायचं आणि गाव बाहेर ठेवायचं, याला आमच्या बँकेत 'तत्त्वतः मंजुरी' म्हणतात. हेच स्टेशन पुढे कुर्डुवाडी झालं.

बार्शीची पेठ कापसाची आणि गळिताच्या धान्याची. सगळा माल बैलगाडीतून स्टेशनावर न्यायचा. १८८२ साली जी. आय. पी. त नोकरीला लागलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाच्या डोक्यात हा एकवीस मैलांचा तुकडा जो शिरला तो शिरलाच. १८८९ साली त्याने नोकरी सोडली, विलायतेला परतला. तरी तुकडा डोक्यातून निघेना. अखेर १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली. मालक लंडनचे, माल बार्शीचा. १८९७ साली गाडी धावली.

आता मी पडलो बी. कॉम.; मला इंजिनातलं काय कळणार? पण या गृहस्थाची जमाखर्चाची वही मला कळते. रूळ अडीच फूट रुंद. आणि एकच नियम: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. इंजिन जड आहे? मग चाकं वाढवा. या एका नियमामुळे यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळ पुरले, आणि रूळ हलका की खर्चही हलका. सगळ्या आसांना सारखं ओझं! आमच्या शाखेत आस आठ आहेत आणि ओझं दोघांवर. पण ते असो.

गाडी हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून ती जाणकारांना चालवून दाखवली. तरी एक खोट राहिलीच. छोट्या गाडीतलं पोतं कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवायचं. लंडनच्या भागधारकाच्या वहीत ही फक्त एक खर्चाची ओळ; कुर्डुवाडीच्या हमालाला मात्र ती पाठीवर घ्यावी लागे.

लाइन १९०६ साली पंढरपूरला गेली, आणि कापसाच्या गाठींच्या जोडीला वारकरी आले. (गाठी निदान चेंगरल्या तरी ओरडत नाहीत.) १९११ साली निजामाच्या मुलखातलं लातूर, १९२७ साली मिरज. एकवीस मैलांचे दोनशे दोन झाले. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला.

मधल्या काळात या माणसाने भलताच उद्योग केला होता. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स – रोल्स-रॉइसमधला रोल्स – १९१० साली विमान कोसळून गेला. तेव्हापासून कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला. छत्री केली, नाव ठेवलं 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठीराखा देवदूत. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला सरकारने ती वापरली. पण आपल्याच विमानांतल्या लढवय्या वैमानिकांना काही दिली नाही. पोरं पडत राहिली. रुळावर पाच टनांच्या वर ओझं पडू न देणाऱ्याला ते कसं पाहवलं असेल, कोण जाणे.

१९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली आणि लंडनचं खातं बंद झालं. गाडी मात्र अडीच फुटांवरच रांगत राहिली. नव्या शतकात टप्प्याटप्प्याने लाइन रुंद झाली, धाराशिवला वळसा घालून आली, आणि कुर्डुवाडीची चढउतार संपली.

मग २०१६ चा एप्रिल आला. लातूरचे नळ कोरडे. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर – ही सगळी कॅलथ्रॉपच्या कंपनीचीच गावं. कापूस बाहेर न्यायला काढलेल्या वाटेने पाणी आत येत होतं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. सवयीने मी पेन्सिल काढली. पाच लाख लिटर म्हणजे पाचशे टन. पाच टनांच्या हिशेबाने शंभर आस लागले असते, तेही टाक्यांचं वजन न धरता.