मास्तर कामगार का नव्हे?



आमच्या कुंकवाच्या केमात कामगार कोण, हे कुणी विचारीत नाही. कुंकू दळणारा, चाळणारा, पुड्या भरणारा तो कामगार. परंतु शाळेतला मास्तर कामगार आहे काय, असे विचारताच वकील मंडळी घसा साफ करू लागतात. विलायतेत शिक्षणाच्या कायद्याचेच काम पाहणारे बॅरिस्टर असतात. आपल्याकडे बॅरिस्टरांचा जमाना सरला, तरी शाळांच्या दाव्यांत मुरलेले वकील तयार झाले, ते याच प्रश्नामुळे.

हा इतिहास एका बसपासून सुरू होतो. दिल्ली विद्यापीठाने विद्यार्थिनींची बससेवा तोट्यात जाते म्हणून बंद केली आणि ड्रायव्हरांना घरी पाठविले. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, शिक्षण हा उद्योग नव्हे. सबब औद्योगिक कलह कायदा ड्रायव्हरांना लागू नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. ते आपल्या साताऱ्याचे आणि कामगार कायद्याचे थोर जाणकार. त्यांचे ऋण आम्ही मानतो. हा एक निकाल मात्र आम्हांला कधी पचला नाही. विद्यादान पवित्र खरे, पण गिअर बदलणाऱ्याची चूल त्या पावित्र्यावर पेटत नाही.

१९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायमूर्तींपुढे हे मत टिकले नाही. शिक्षणसंस्था उद्योगात आली. शिपाई, कारकून, ड्रायव्हर कामगार ठरले. मास्तर मात्र बाहेरच! गोव्यातील करंझाळ्याच्या एका शिक्षिकेला शाळेने १९७५ साली काढले होते. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिकविणे हे ना अंगमेहनतीचे काम, ना कारकुनी. म्हणून शिक्षक कामगार नव्हे.

महाराष्ट्राने तोवर निराळी वाट पाडली होती. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा. तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला. बडतर्फ झालेल्या मास्तराने तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे. न्यायाधिकरण त्याला मागील पगारासह कामावर परत घ्यायला लावू शकते. पण हे तीस दिवस भारी वैरी. मास्तर स्वभावाने भिडस्त. संस्थेचे अध्यक्ष गावचेच, सणावाराला घरी येणारे. त्यांचा राग निवळेल म्हणून तो वाट पाहतो. मुदत टळल्यावर उशिराचे सबळ कारण दाखवावे लागते, आणि भीड हे कारण कोणता वकील कागदावर मांडणार? पुढे संस्था म्हणते, नेमणूक रीतसर नव्हतीच, जागाही तात्पुरती होती. मग नेमणूकपत्र, जाहिरात, शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता, एकेक कागद उकरावा लागतो. युनियनच्या माणसाने मास्तराला पहिल्याच आठवड्यात वकिलाकडे न्यावे, ते यासाठी.

ग्रॅच्युइटीचेही तसेच झाले. तिच्या कायद्यातील व्याख्येत शिक्षक बसत नाही, असे २००४ साली ठरले. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली आणि तो बदल ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खाजगी शाळाचालकांनी ती दुरुस्तीही न्यायालयात नेली. ती कायम व्हायला २०२२ साल उजाडले.