चिराग शेट्टी

चिराग चंद्रशेखर शेट्टी (जन्म: ४ जुलै १९९७, मुंबई) हा पुरुष दुहेरीत खेळणारा भारतीय बॅडमिंटनपटू आहे. सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या साथीने त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२२ मध्ये थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचाही तो सदस्य होता. १० ऑक्टोबर २०२३ रोजी ही जोडी जागतिक क्रमवारीत अव्वल ठरली. बॅडमिंटनमध्ये हे स्थान गाठणारी ही पहिली भारतीय जोडी होय.

पार्श्वभूमी

सांगलीचे नंदू नाटेकर, त्यानंतर प्रकाश पदुकोण, पुलेला गोपीचंद, सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू अशी भारतीय बॅडमिंटनची ख्याती प्रामुख्याने एकेरीतील खेळाडूंनी घडवली. दुहेरीतील यश तुरळक होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत प्रदीप गंधे व लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वर्धा येथे जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी महिला दुहेरीत कांस्यपदक जिंकले. पुरुष दुहेरीत मात्र इंडोनेशिया, चीन, मलेशिया, कोरिया व डेन्मार्क या देशांच्या जोड्यांसमोर सातत्याने टिकणारी भारतीय जोडी नव्हती.

चिरागने मुंबईच्या गोरेगाव भागात माजी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनपटू उदय पवार यांच्या अकादमीत खेळाचे धडे घेतले. पुढे तो हैदराबादच्या गोपीचंद अकादमीत दाखल झाला. कनिष्ठ गटात तो एम. आर. अर्जुन याच्यासह दुहेरी खेळत असे.

जोडीची घडण

भारतीय दुहेरीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळणारे मलेशियाचे तान किम हर यांनी चिराग व सात्विक यांना एकत्र आणले आणि २०१६ पासून ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जोडीने उतरू लागले. सात्विक आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा, वयाने चिरागपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघेही उंच आणि दोघेही मागच्या कोर्टातून जोरकस स्मॅश मारणारे. वरकरणी ही निवड विसंगत वाटावी अशीच होती. दुहेरीत आक्रमणाच्या वेळी एक खेळाडू मागून फटके मारतो आणि दुसरा जाळ्यापाशी थांबून परतणारे शटल हेरतो. बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी येतात. दोघांनाही मागेच राहायचे असेल, तर पुढची जागा मोकळी पडते. सरावाअंती जाळ्याजवळची जबाबदारी बहुतांशी चिरागकडे आली. प्रतिस्पर्ध्याचा सपाट परतावा मध्येच अडवणे आणि सात्विकच्या पुढच्या स्मॅशसाठी शटल वर उचलण्यास त्याला भाग पाडणे हे त्याच्या खेळाचे मर्म बनले. मागून आक्रमण करण्याची क्षमता त्याने गमावली नाही. त्यामुळे जागा उलटसुलट झाल्या तरी जोडीचा मारा कमी होत नाही.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला मिश्र सांघिक सुवर्ण मिळाले आणि पुरुष दुहेरीत या जोडीने रौप्यपदक पटकावले. ऑगस्ट २०१९ मध्ये थायलंड ओपनच्या अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या ली जुनहुई व लिऊ युचेन या तत्कालीन विश्वविजेत्यांना २१–१९, १८–२१, २१–१८ असे हरवले. सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकणारी ही पहिली भारतीय पुरुष जोडी ठरली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनमध्ये ते उपविजेते होते. चिरागला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

टोकियो ऑलिंपिक

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चिराग-सात्विक यांनी गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले, तरीही त्यांना उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. पहिल्याच सामन्यात त्यांनी तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांना २१–१६, १६–२१, २७–२५ असे नमवले होते. पुढे इंडोनेशियाच्या मार्कस गिडियन व केविन सुकामुल्जो यांच्याकडून ते सरळ गेममध्ये पराभूत झाले आणि इंग्लंडच्या बेन लेन व शॉन वेंडी यांच्यावर त्यांनी विजय मिळवला. गटातील तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाल्याने निर्णय जिंकलेल्या व गमावलेल्या गेमच्या फरकावर गेला. भारतीय जोडीने चार गेम जिंकले होते आणि तीन गमावले होते. तेवढे पुरले नाही. त्यांनी हरवलेल्या ली-वांग जोडीनेच अखेर सुवर्णपदक जिंकले.

थॉमस चषक आणि जागतिक पदक

१५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत भारतासमोर गतविजेता इंडोनेशिया होता. लक्ष्य सेनने पहिली एकेरी जिंकून दिल्यावर दुहेरीत चिराग-सात्विक यांची गाठ मोहम्मद अहसान व केविन सुकामुल्जो यांच्याशी पडली. पहिला गेम गमावल्यानंतर दुसऱ्या गेममध्ये त्यांनी चार मॅच पॉइंट वाचवले आणि सामना १८–२१, २३–२१, २१–१९ असा खेचून आणला. त्यानंतर किदम्बी श्रीकांतच्या विजयाने भारताने ३–० अशी बाजी मारली. १९४९ पासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेतील भारताचे ते पहिले विजेतेपद होते.

ऑगस्ट महिन्यात बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण आणि त्यानंतर टोकियोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे कांस्यपदक असे दोन टप्पे जोडीने गाठले. जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरीतील भारताचे हे पहिले पदक होते. उपांत्य फेरीत त्यांना मलेशियाच्या आरोन चिया व सोह वूई यिक यांनी तीन गेममध्ये हरवले. या मलेशियन जोडीविरुद्ध पुढेही दीर्घकाळ त्यांना एकही विजय मिळाला नव्हता.

२०२३

हे वर्ष या कारकिर्दीचे शिखर मानले जाते. एप्रिलमध्ये दुबईत आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ओंग यू सिन व तेओ ई यी यांना हरवून जोडीने सुवर्ण मिळवले. या स्पर्धेत भारताचे यापूर्वीचे सुवर्ण १९६५ साली लखनौला दिनेश खन्ना यांनी एकेरीत जिंकले होते. दुहेरीत ते प्रथमच मिळाले. १८ जून रोजी जकार्ता येथे इंडोनेशिया ओपनच्या अंतिम फेरीत पुन्हा चिया-सोह समोर आले. आधीच्या आठही लढती हरलेल्या भारतीय जोडीने हा सामना २१–१७, २१–१८ असा जिंकला आणि सुपर १००० स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी झाली. जुलैमध्ये कोरिया ओपन आणि ७ ऑक्टोबर रोजी हांगझोऊ येथे कोरियाच्या चोई सोल-ग्यू व किम वोन-हो यांच्याविरुद्ध २१–१८, २१–१६ असा विजय मिळवून आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्ण त्यांनी आपल्या नावे केले. बॅडमिंटनमधील भारताचे ते पहिले आशियाई सुवर्ण होते. दोघांना २०२३ सालचा मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार देण्यात आला.

पॅरिस ऑलिंपिक आणि नंतर

२०२४ मध्ये फ्रेंच ओपन व थायलंड ओपन जिंकून ही जोडी पॅरिसला तिसरे मानांकन घेऊन गेली. १ ऑगस्ट रोजी उपांत्यपूर्व फेरीत चिया-सोह यांनी पहिला गेम गमावूनही त्यांना १३–२१, २१–१४, २१–१६ असे हरवले. ऑलिंपिकनंतर डेन्मार्कचे प्रशिक्षक मॅथियास बो यांनी प्रशिक्षणातून निवृत्ती घेतली आणि तान किम हर पुन्हा भारतात आले. पाठीच्या दुखापतीमुळे २०२५ च्या ऑल इंग्लंड स्पर्धेतून चिरागला सामना अर्धवट सोडावा लागला. मात्र त्याच वर्षी पॅरिसमधील जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी चिया-सोह यांना सरळ गेममध्ये नमवून दुसरे जागतिक कांस्यपदक निश्चित केले. सप्टेंबरमध्ये हाँगकाँग ओपन व चायना मास्टर्स या दोन्ही स्पर्धांत ते उपविजेते राहिले.

पारितोषिकाचा वाद

जुलै २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघातील मुंबईच्या खेळाडूंचा महाराष्ट्र विधिमंडळात सत्कार झाला आणि राज्य सरकारने संघासाठी ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यावर चिरागने जाहीर नाराजी व्यक्त केली. थॉमस चषक हा बॅडमिंटनमधील विश्वचषकच असून तो जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा आपण एकटा होतो, तरीही राज्याने पारितोषिक तर नाहीच, साधा सत्कारही केला नाही, असे त्याचे म्हणणे होते. क्रिकेटपटूंच्या गौरवाला आपला विरोध नाही, हेही त्याने त्याच वेळी स्पष्ट केले.