पायताणाची दोन कामे

पादत्राणे पायाच्या रक्षणासाठी निर्माण झाली, हे उघड आहे. पण रक्षणाला एक जोड पुरतो. माणूस अनेक जोड का बाळगतो, याचा उलगडा त्या कारणाने होत नाही. म्हणून पादत्राणांचा उगम आणि त्यांची आवड हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासले पाहिजेत.

उगमाचा पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला हाडांचा. अनवाणी चालताना पायाच्या लहान बोटांवर ताण पडतो व त्यांची हाडे दणकट होतात. तळवा झाकला की हा ताण घटतो. बीजिंगजवळच्या तियानयुआन गुहेत सापडलेल्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचे बोटाचे हाड नाजूक आढळले. त्यावरून तो पादत्राणे वापरत असावा, असे अनुमान मानवशास्त्रज्ञ एरिक ट्रिंकाउस यांनी काढले. दुसरा पुरावा प्रत्यक्ष वस्तूंचा. साल व कातडे कुजत असल्याने तो क्वचितच टिकतो. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील फोर्ट रॉक गुहेत १९३८ साली झुडपाच्या सालीपासून विणलेल्या, नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या चपला मिळाल्या. आर्मेनियातील अरेनी गुहेतला जोडा सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा; तो गाईच्या एकसंध कातड्याचा असून आत गवत भरलेले होते. जवळ मिळेल ते द्रव्य आणि तिथल्या हवामानाची निकड, एवढ्यावर इथपर्यंतचे स्पष्टीकरण भागते.

पुढे भागत नाही. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या काही चपलांच्या तळांवर शत्रूंची चित्रे आहेत: राजा चालेल तसे शत्रू तुडवले जावेत, हा हेतू. इंग्लंडमध्ये १४६३ च्या कायद्याने लॉर्डहून खालच्या दर्जाच्या पुरुषांना दोन इंचांहून लांब टोकाचे जोडे मना केले. लांब टोकाने पाय अधिक सुरक्षित होत नाही. दर्जा मात्र दुरून दिसतो.

आपल्याकडचे उदाहरण कोल्हापुरीचे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि जाड तळ ही रक्षणाची बाजू. चालताना करकर वाजावी म्हणून तिच्या थरांत केलेली सोय निव्वळ ऐटीची. याच प्रदेशात मनाईची बाजूही दिसते. कातडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या जातींना अस्पृश्य ठरवले गेले, आणि अनेक गावांत दलितांना वरच्या जातींच्या आळीतून पायताण घालून जाण्याची बंदी होती. काटे-खडे सर्वांच्याच पायांना टोचतात. तेव्हा बंदी पायाच्या सुखावर नव्हे, बरोबरीवर होती.

यावरून निष्कर्ष असा, की पादत्राण शरीराला जमिनीपासून आणि माणसाला माणसापासून वेगळे करते. पहिल्या कामाची गरज लवकर भागते. दुसऱ्याला अंत नाही, कारण इतरांनी तोच जोडा घेतला की वेगळेपण संपते आणि नवा शोधावा लागतो. कारखान्यांनी जोडे स्वस्त केल्यावर आवड ओसरली नाही, ती नाममुद्रेकडे वळली. १९८५ साली बाजारात आलेल्या ‘एअर जॉर्डन’ बुटांचे काही संग्राहक ते खोक्याबाहेर काढून पायात घालतच नाहीत. तिथे रक्षणाचे काम शून्यावर येते आणि आवड तेवढीच राहते.