दाभोळची अनाथ लाट

इ. स. १५२४ च्या सप्टेंबरांत वास्को द गामा तिसऱ्या खेपेस हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. या वेळीं तो पोर्तुगालच्या राजाचा व्हाइसरॉय म्हणून येत होता. दाभोळच्या समुद्रांत त्याचें आरमार आलें असतां गलबतें एकाएकीं थरथरूं लागलीं. तळ खडकाला लागला असें समजून खलाशांनीं होड्या पाण्यांत सोडल्या, दोरीला शिसें बांधून खोली पाहिली. पण तळ लागेना. समुद्रच आपल्या भयानें कांपत आहे, असें सांगून गामानें माणसांना धीर दिल्याचें गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकारानें नमूद केलें आहे. समुद्र खरोखर कां कांपला, हा प्रश्न मात्र पांचशें वर्षें तसाच राहिला.

दाभोळच्या उत्तरेस, रत्नागिरी जिल्ह्याच्याच दापोली तालुक्यांत, केळशी हें गांव आहे. तेथें भारजा नदीच्या मुखाशीं वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुराविद अशोक मराठे यांनीं तिच्या थरांतील खापरें व बहामनी काळचीं नाणीं अभ्यासून, ही वाळू समुद्रानेंच एकाएकीं आणून टाकली असावी असें मत मांडलें. पुढें भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं केळशीचे थर आणि १५२४ ची घटना यांचा संबंध जोडला, व त्या लाटेस ‘अनाथ’ हें नांव दिलें. कारण तिचा जनक निश्चित ठाऊक नाहीं.

असे जनक मुख्यतः दोन संभवतात. एक भूकंप, दुसरी दरड. दरड कड्यावरून पाण्यांत कोसळते, अथवा समुद्राच्या पोटांतील उतारावरून गाळाच्या रूपानें घसरते. भूकंपाची लाट लांबरुंद असते व दूरवर जाते. दरडीची लाट जवळपास फार उंच उठते, परंतु आंखूड असल्यामुळें पुढें लवकर विरते.

या दोहोंची पारख आतां संगणकावर करितात. समुद्राचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकाची खोली मांडतात. खोलीवरून लाटेचा वेग ठरतो : ४००० मीटर खोलीवर ताशीं सुमारें ७०० किलोमीटर, तर ५० मीटर खोलीवर ताशीं सुमारें ८०. भूकंपाच्या गणितांत तळ कोठें व किती उचलला हें आरंभीं सांगितलें कीं बहुधा पुरतें. दरडीचें तसें नाहीं. ती घसरत असतांच लाट घडवीत असते; म्हणून तिचें आकारमान, वेग आणि तळाशीं होणारें घर्षण हीं क्षणोक्षणीं मांडावीं लागतात. मग ही लाट चौकोनाचौकोनांतून किनाऱ्यावर आणून प्रत्यक्ष पुराव्याशीं ताडून पाहतात.

तरी गणित म्हणजे साक्षीदाराचा जबाब नव्हे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहांटे मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईस व कारवारपर्यंत पोंचली. कराचीस मात्र सर्वांत मोठी लाट पहिल्या लाटेनंतर बऱ्याच उशिरां आली. कांहीं अभ्यासकांनीं त्याचा दोष समुद्रतळावरील दरडीला दिला. उलट, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०११ सालीं गणितानें दाखविलें कीं, किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यांत लाटा कोंडून राहिल्यानेंही असा उशीर होऊं शकतो. भरतीमापक यंत्रांच्या नोंदी असलेल्या लाटेची ही कथा. मग १५२४ च्या लाटेविषयीं घाईनें निकाल कसा द्यावा?

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. १९४५ ची लाट मुंबईस येण्यास साडेचार तासांहून अधिक वेळ लागला. एवढ्या अवधींत सूचना देतां येते, आणि त्यासाठीं २००७ सालीं हैदराबादेस इशारा-केंद्र स्थापन झालें. परंतु जवळच दरड घसरली, तर मिनिटांचाच अवधि मिळतो. २२ डिसेंबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत अनाक क्राकाटाऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रांत ढांसळली. आधीं मोठा भूकंप झालाच नव्हता, म्हणून इशाराही मिळाला नाहीं. चारशेंहून अधिक माणसें दगावलीं.

गामानें समुद्राच्या थरथरीचा संबंध आपल्या प्रतापाशीं लावला. दाभोळ-केळशीच्या माणसानें मात्र जमीन हादरली, किंवा पाणी अवेळीं ओसरलें, तर भोंग्याची वाट न पाहतां सड्यावर चढावें, हेंच शहाणपणाचें.